बाराव्या व्हिडिओचं काय झालं? (व्हायरल होण्याबद्दल)

दाभणदोरा

मी जुन्या पुस्तकांची बांधणी करते आणि फावल्या वेळात त्याचे छोटे व्हिडिओ टाकते. आधीच्या अकरा व्हिडिओंना प्रत्येकी दोनशे-तीनशे प्रेक्षक मिळाले, त्यातले निम्मे ओळखीचे. बारावा सत्तेचाळीस सेकंदांचा होता. फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) जुळवून दाभणाने भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा ओवायचा, टाके घालत शेवटच्या फर्म्यापर्यंत यायचं आणि गाठ मारायची, एवढंच. चेहरा नाही, नुसते हात. आधीच्या अकरांपेक्षा तो काही वेगळा नव्हता.

पहिले दोन दिवस त्यालाही अडीचशेच. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर नव्वद हजार, रात्रीपर्यंत सहा लाख. आठवडाभरात चौदा लाखांवर गेला आणि तिथे थांबला. दहाव्या दिवसापासून पुन्हा रोजचे वीस-पंचवीस.

दोन रात्री बसून मी प्रतिक्रिया वाचल्या. मी डावखुरी आहे, त्यामुळे माझा दोरा बहुतेकांच्या उलट दिशेने जातो. कुणीतरी लिहिलं होतं, "उलटं शिवतेय, महिन्यात पानं सुटतील." त्याखाली चारशेच्या वर उत्तरं. बरोबर-चूक, चूक-बरोबर, मग एकमेकांच्या अकलेवर. बांधणीबद्दल खरोखर काही विचारणारे मोजून नऊ निघाले. त्यानंतर कुणीतरी माझं नाव कापून तोच व्हिडिओ "आजींसोबत संपत चाललेली कला" अशा मथळ्याखाली टाकला. मी अडतीस वर्षांची आहे. त्याला माझ्याहून जास्त प्रेक्षक मिळाले.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपण "व्हायरल झालं" म्हणतो. बातमी फुटते, अफवा उठते, व्हिडिओ पसरतो. या सगळ्या वाक्यांत करणारा कुणीच नाही. पण पराचा कावळा आपोआप होत नाही, तो कुणीतरी करतं. मग माझ्या बाराव्या व्हिडिओचं हे कुणी केलं, आणि अकरांचं का केलं नाही? ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मोगरी

अभिनंदन! चांगल्या कामाला उशिरा का होईना, दाद मिळतेच.

दाभणदोरा

मोगरी, मनापासून आभार. पण मग सातवा व्हिडिओ माझ्या मते सगळ्यांत चांगला होता. तो अजून एकशे ऐंशीवरच आहे.

त्रैराशिक

गणिताच्या बाजूने सांगतो.

"व्हायरल" हे रूपक साथीच्या रोगांवरून आलं, म्हणून तिथूनच सुरू करू. समजा, एक पोस्ट शंभर जणांनी पाहिली. त्यातल्या दोघांनी ती पुढे पाठवली आणि त्या दोघांची प्रत्येकी पन्नास जणांनी पाहिली. पुढच्या फेरीत पुन्हा शंभर प्रेक्षक. एका फेरीतून पुढच्या फेरीत प्रेक्षक किती पट होतात, त्याला गुणक म्हणू. इथे गुणक १. हा गुणक एकाच्या वर गेला की प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा मोठी होते, आणि नवीन माणसं संपेपर्यंत गाडी थांबत नाही. एकाच्या खाली असला की ती विझणारच.

खरी गंमत एकाच्या खालीच, अगदी काठावर आहे. शंभरात एकानेच पुढे पाठवली तर गुणक अर्धा. शंभर, पन्नास, पंचवीस... एकूण बेरीज दोनशेच्या पुढे जात नाही. सुरुवात त्याच शंभरांची धरून हजारात अठरा जणांनी पाठवली तर गुणक ०.९ आणि एकूण बेरीज १०००. हजारात एकोणीस जणांनी पाठवली तर गुणक ०.९५ आणि बेरीज २०००. हजारात एक माणूस वाढला आणि शेवटचा आकडा दुप्पट झाला! दोन सारख्याच व्हिडिओंच्या नशिबात एवढं अंतर का पडतं, याचं अर्धं उत्तर इथे आहे. काठावर असताना केसाएवढा फरकही पुरतो.

या गुणकावर धंदा उभा केल्याचं जुनं उदाहरण म्हणजे हॉटमेल. जुलै १९९६ मध्ये सेवा सुरू झाली. तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, तुम्हीही फुकट ईमेल खातं उघडा, अशी एक ओळ आपोआप जोडली जाई. पत्र लिहिणारा प्रत्येक जण नकळत प्रचारक झाला. दीड वर्षात सव्वा कोटीच्या आसपास लोक तिथे आले, आणि "व्हायरल मार्केटिंग" हा शब्द रूढ होण्यात या उदाहरणाचा मोठा वाटा आहे.

हातोहात

त्रैराशिकांचं गणित बिनचूक आहे, पण प्रत्यक्षात साखळी अशी लांब जातच नाही बहुतेकदा. इथेच "व्हायरल" हा शब्द आपल्याला फसवतो.

गोएल, अँडरसन, हॉफमन आणि वॉट्स या संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे शंभर कोटी प्रसारांचा माग काढला. त्यांचा निबंध २०१६ मध्ये छापून आला. जवळजवळ सगळ्या पोस्टी पहिल्या पायरीवरच संपतात. ज्या खरोखर मोठ्या होतात, त्यांचा आकार पाहून आतली रचना सांगता येत नाही. काही माणसामाणसांतून लांबवर जातात. पण पुष्कळदा मोठा आकडा म्हणजे लाखो अनुयायी असलेल्या एका खात्याने एकदा केलेली दवंडी असते. कर्णोपकर्णी जाणं वेगळं आणि दवंडी वेगळी. बाहेरून दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो.

ताई, तुमच्या व्हिडिओच्या आकडेवारीत "प्रेक्षक कुठून आले" असा एक तक्ता असेल. तो बघून सांगाल का? तिसऱ्या दिवसाची उडी कुठून आली ते कळेल.

दाभणदोरा

आत्ताच पाहिलं. दहातले नऊ प्रेक्षक "सुचवलेले व्हिडिओ" यातून आलेत. लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या लिंकांतून आलेले शंभरात तीनही नाहीत. म्हणजे लोकांनी पसरवलाच नाही?

हातोहात

लोकांच्या हातून फार थोडा गेला. बाकीचा यंत्राने वाढला.

हे कसं चालतं, तेवढं थोडक्यात. सुचवणारी यंत्रणा तुमचा व्हिडिओ आधी थोड्या लोकांसमोर ठेवते आणि ते काय करतात हे मोजते. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला, पुन्हा पाहिला, खाली काही लिहिलं, तर आणखी लोकांसमोर. नाहीतर तिथेच संपलं. यूट्यूबने २०१२ मध्ये क्लिक मोजण्याऐवजी पाहण्यात गेलेल्या वेळाला महत्त्व द्यायला सुरुवात केली. टिकटॉकने २०२० मध्ये स्वतःच जाहीर केलं की व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला जाणं ही त्यांच्यासाठी ठळक खूण आहे आणि खात्याच्या अनुयायांची संख्या थेट धरली जात नाही.

आता तुमचे सत्तेचाळीस सेकंद बघा. शेवटी गाठ आहे, म्हणजे गाठ बसेपर्यंत माणूस हलत नाही. आणि "उलटं शिवतेय" हे वाचल्यावर प्रत्येक जण काय करतो? वर जाऊन दोरा कुठून कुठे जातो ते पुन्हा बघतो. मग उत्तर लिहितो. यंत्राच्या वहीत हे सगळं आवड म्हणूनच नोंदलं जातं. पुन्हा पाहिलं ते पटलं म्हणून की खोडून काढायचं म्हणून, हे त्याला कळत नाही. त्या चारशे भांडणाऱ्यांनी तुमचा व्हिडिओ उचलला, असं माझं स्पष्ट मत आहे.

निळीकाळी

हातोहात यांच्याशी शंभर टक्के सहमत. फेब्रुवारी २०१५ मधला तो ड्रेसचा फोटो आठवतो का? काहींना निळा-काळा दिसायचा, काहींना पांढरा-सोनेरी. माझं सदस्यनाम तिथूनच आलंय. ड्रेस खरंच निळा-काळा होता. फोटोतला उजेड कसला आहे, याबद्दल प्रत्येकाच्या मेंदूचा अंदाज वेगळा होता, म्हणून रंग वेगळे. पण लोक उजेडाबद्दल वाचायला थांबले नाहीत. शेजारच्याला हा रंग दिसत नाही, हेच सहन होत नव्हतं. दोन बाजू असल्या, प्रत्येक बाजूला पूर्ण खात्री असली आणि पडताळा एका नजरेत होत असला, की ती गोष्ट पुढे जाते. डावा हात-उजवा हात हे तंतोतंत तसंच आहे.

कडेलोट

एवढं खोलात जायची गरज नाही. सगळं पैसे देऊन आणि बनावट खात्यांतून होतं. बॉट (आपोआप चालणारी खाती) बंद करा, प्रश्न मिटेल.

षट्कर्णी

कडेलोट, हे मान्य करायला मलाही आवडलं असतं. दोष आपल्यावर येत नाही ना. पण मार्च २०१८ मध्ये "सायन्स" नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या वोसूघी, रॉय आणि अराल यांचा अभ्यास आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांच्या साखळ्या, पाठवणारी माणसं तीस लाखांच्या घरात. खऱ्या बातमीला १५०० लोकांपर्यंत पोचायला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त. बॉट वेगळे काढून पुन्हा मोजलं, तरी निष्कर्ष तोच. बॉट खरं आणि खोटं साधारण सारखंच पसरवत होते. फरक पाडणारी माणसंच होती. खोटं नवं वाटतं, धक्का देतं. खरं बऱ्याचदा आधी ऐकल्यासारखं असतं.

आणि दरवेळी कुणाचा वाईट हेतू असतो असंही नाही. आमच्याच घरचं सांगते.

माझ्या मावसभावाचा मुलगा सात वर्षांचा असताना एका संध्याकाळी खेळता खेळता दिसेनासा झाला. मीच मेसेज लिहिला. फोटो, अंगावरचे कपडे, भावाचा फोन नंबर, आणि शेवटी "कृपया जास्तीत जास्त गटांत पाठवा". तारीख लिहायचं सुचलं नाही. कुणाला सुचेल त्या वेळी? दोन तासांत मुलगा सापडला, मित्राच्या घरी झोपला होता. मी लगेच "सापडला, आभारी आहोत" असा दुसरा मेसेज केला.

पहिला मेसेज अडीच वर्षं फिरला. भावाला रात्री-बेरात्री फोन यायचे. रडवेल्या आवाजात विचारणाऱ्या बायका, माहिती आहे म्हणून पैसे मागणारे, नुसते शिव्या देणारे. मुलगा दहा वर्षांचा झाला तरी फोटोतला सात वर्षांचा मुलगा हरवलेलाच होता. शेवटी भावाने अठरा वर्षं वापरलेला नंबर सोडला. माझा दुसरा मेसेज तीन-चार गटांपलीकडे गेलाच नाही. "हरवला" वाचून माणूस काहीतरी करतो. "सापडला" वाचून बरं वाटतं आणि तो फोन खाली ठेवतो.

चांदणवेल

षट्कर्णी, वाचून गळा दाटून आला.

तुमच्या शेवटच्या दोन ओळींना अभ्यासाचा आधार आहे. बर्गर आणि मिल्कमन यांनी न्यूयॉर्क टाइम्सचे जवळजवळ सात हजार लेख तपासले, निबंध २०१२ चा. कोणते लेख लोक जास्त ईमेलने पाठवतात? विस्मय, संताप आणि काळजी, या तीन भावना जाग्या करणारे. दुःखाने मात्र पाठवणं कमी झालं. म्हणजे आनंद-दुःख अशी सरळ विभागणी नाहीच. जी भावना अंगात चळवळ आणते ती हाताला बटणापर्यंत नेते. जी भावना माणसाला बसवून ठेवते ती गोष्टीलाही बसवून ठेवते. समाधान, निश्चिंतता, शांत दुःख, ही सगळी बसवणारी.

मग कंपन्यांनी हे ओळखून त्यावर आकडे बसवले. फेसबुकने २०१७ पासून पोस्टींचा क्रम लावताना प्रतिक्रियेच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, रागाच्या चेहऱ्यालाही. नंतर त्यांच्याच माणसांना आढळलं की राग मिळवणाऱ्या पोस्टींत खोटं आणि विखारी जास्त असतं. वजन टप्प्याटप्प्याने कमी करत सप्टेंबर २०२० मध्ये रागाचं वजन शून्य केलं. दाभणदोरा, तुम्ही कर्ता शोधताय ना? एक कर्ता हा. कुठल्यातरी बैठकीत कुणीतरी ५ हा आकडा लिहिला आणि तीन वर्षं अब्जावधी लोकांसमोर काय यावं ते त्या आकड्याने ठरवलं.

मोगरी

तरीही मला वाटतं, दर्जा असेल तर गोष्ट वर येतेच. नाहीतर कुणी मेहनत का घ्यावी?

त्रैराशिक

मोगरी, यावर प्रयोग झालेला आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या बाजूने थोडं, विरुद्ध बरंचसं आहे. साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. अनोळखी गायकांची ४८ गाणी आणि १४ हजारांवर सहभागी. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या "जगांत" वाटलं होतं, आणि प्रत्येक जगात त्याच जगातल्या आधीच्या लोकांनी काय उतरवून घेतलं तो आकडा दिसायचा. आठही जगांची सुरुवात शून्यापासून.

दर्जा निर्णायक असता तर आठही जगांत तीच गाणी वर आली असती. आली नाहीत. एका जगात पहिलं आलेलं गाणं दुसऱ्यात मागे पडायचं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा शिखरावर गेली नाहीत, पण मधल्या मोठ्या पट्ट्यात काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीच्या मूठभरांनी जे उचललं, त्याचा आकडा बघून पुढच्यांनी उचललं.

तेव्हा सातव्या व्हिडिओबद्दल, दाभणदोरा: तो कमी प्रतीचा होता असा निष्कर्ष चौदा लाखांवरून काढू नका. दुसऱ्या एखाद्या जगात कदाचित तोच चालला असता.

कडेलोट

माझं आधीचं विधान मागे घेतो. षट्कर्णी, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण मग उपाय काय? माणसांनाच बंद करता येत नाही.

हातोहात

माणसांना नाही, वेगाला आवर घालता येतो. आणि तो घालून पाहिलेला आहे.

२००९ च्या शेवटी रिट्वीटचं बटण येईपर्यंत ट्विटरवर दुसऱ्याचं वाक्य पुढे न्यायचं तर ते हाताने उतरवून आधी "आरटी" (रिट्वीट) लिहावं लागे. त्या अर्ध्या मिनिटात माणूस निदान पुन्हा वाचायचा. बटणाने ते अर्धं मिनिट काढून घेतलं. ज्या तंत्रज्ञाने ते बटण बनवणाऱ्या गटाचं नेतृत्व केलं, त्यानेच दहा वर्षांनी त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. २०२० मध्ये ट्विटरने उलटा प्रयोग केला. लेख न उघडता पुढे पाठवू लागलात तर "आधी वाचायचा का?" अशी पाटी. ती दिसल्यावर लेख उघडण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढलं, असं कंपनीने सांगितलं.

व्हॉट्सॲपने जानेवारी २०१९ मध्ये जगभर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये आणखी एक पाऊल: पाच किंवा जास्त हातांतून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीचं म्हणणं. कुणाचा मजकूर वाचला नाही, पुसला नाही. फक्त हात थोडे जड केले.

चांदणवेल

एका गोष्टीची नोंद इथे हवी, नाहीतर चित्र एकतर्फी होईल. २०१४ च्या उन्हाळ्यातलं बर्फाच्या पाण्याच्या बादलीचं आव्हान. डोक्यावर बादली ओतायची, तिघांची नावं घ्यायची, त्यांनी २४ तासांत तसंच करायचं किंवा देणगी द्यायची. त्रैराशिकांच्या भाषेत, गुणक तीन आधीच नियमात लिहिलेला होता! आणि नाव घेतलेला माणूस चारचौघांत अडकलेला, त्यामुळे टाळणं अवघड. एएलएस या असाध्य आजारासाठी काम करणाऱ्या एकट्या अमेरिकन संस्थेकडे त्यातून ११.५ कोटी डॉलर जमा झाले. त्या पैशाच्या आधाराने झालेल्या संशोधनातून २०१६ मध्ये आजाराशी संबंधित एका जनुकाचा शोध पुढे आला. माझ्या आत्याला हाच आजार होता. ते व्हिडिओ बघताना ती हसायची, मी विसरलेले नाही.

निळीकाळी

दाभणदोरा, त्या नऊ जणांचं पुढे काय झालं? चौदा लाखांपेक्षा मला त्यांच्याबद्दल उत्सुकता आहे.

दाभणदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचून काढला धागा.

नाव कापणाऱ्या त्या पानाला मी तीनदा लिहिलं. उत्तर नाही. आता नाव कोपऱ्यात टाकत नाही. पुठ्ठ्याच्या आत कागदी पट्टीवर लिहून ती पट्टी शिवणीखाली धरते, म्हणजे हात दिसले की नाव दिसतंच.

नऊ जणांचा मी एक छोटा गट केला. सहा जण टिकलेत. रविवारी कॅमेरा लावून एकत्र शिवतो. पहिल्या महिन्यात जो तो एकेकटा शिवत होता तोवर कुणीच पहिलं पुस्तक पुरं केलं नव्हतं. एकाने पुरं केल्याचा फोटो टाकला आणि पंधरवड्यात बाकी पाचांची झाली.

त्रैराशिक

यालाही नाव आहे, "गुंतागुंतीचा संसर्ग". विनोद किंवा बातमी एका स्पर्शात लागते. ती दूरदूरच्या ओळखींतूनही पसरते. सवय किंवा कौशल्य लागायला मात्र दोन-तीन जवळच्यांकडून पुन्हा पुन्हा दिसावं लागतं. सेंटोला या संशोधकाच्या २०१० च्या प्रयोगात एकमेकांशी दाट गुंफलेल्या गटांत नवं वर्तन सुमारे ५४ टक्के लोकांपर्यंत गेलं, विखुरलेल्या जाळ्यात ३८ टक्क्यांपर्यंत. तुमचे चौदा लाख विखुरलेले होते. सहा जण गुंफलेले आहेत.

षट्कर्णी, एक सांगायचं राहिलं होतं. काठावरचं ते गणित उलटंही चालतं. गुणक ०.९५ असताना हजारात एकाने न पाठवायचं ठरवलं तर तो ०.९ होतो आणि एकूण प्रेक्षक निम्मे होतात.

षट्कर्णी

त्रैराशिक, हे तुम्ही लिहिलंत त्याच संध्याकाळी आमच्या जुन्या शाळेच्या गटात एक हरवलेल्या आजोबांचा मेसेज आला. तारीख नव्हती. मी दिलेल्या नंबरावर फोन केला. त्यांच्या सुनेने उचलला. आजोबा मागच्या वर्षीच घरी आलेत, ती म्हणाली, आणि आज हा चौथा फोन. मी तिचा निरोप तारखेसह मेसेजखाली लिहिला. गटातल्या दोघांनी कळवलं की त्यांनी पुढे पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकला.

मोगरी

आमच्या इमारतीच्या गटात काल तोच आला होता. मी पुढे पाठवणार होते. आता तिथे तुमचा निरोप लिहिते.